डोकं कुणाचं, हिशेब कुणाचा?

समजा, अप्रेझलमध्ये मार्क तुम्हीच तुम्हाला द्यायचे आणि एचआरने फक्त सही करायची. ऐश ना! पण डोक्याला बसलेल्या माराचा हिशेबही असाच होत असेल तर?

रग्बी आपल्याला आजवर बॉम्बे जिमखान्यापुरतं ठाऊक होतं. जून २०२५ मध्ये अंधेरीत रग्बी प्रीमियर लीग रंगली आणि टॅकल म्हणजे काय ते आपल्या पब्लिकनेही जवळून पाहिलं. म्हणून ही गोष्ट सांगतेय.

स्टीव्ह थॉम्पसन हा २००३ चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या इंग्लंडच्या टीममधला हूकर. डिसेंबर २०२० मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्याने जाहीर केलं की आपल्याला डिमेन्शिया झालाय आणि ती फायनल खेळल्याचं आठवतही नाही. पुढे त्याने इतर खेळाडूंसोबत वर्ल्ड रग्बीला कोर्टात खेचलं.

आता मार लागलेल्या खेळाडूने पुन्हा कधी खेळायचं, याची जगभर वापरली जाणारी गाइडलाइन कोण बनवतं? कन्कशन इन स्पोर्ट ग्रुप. त्यांच्या परिषदांना पैसा कुणाचा? फिफा, ऑलिम्पिक कमिटी आणि वर्ल्ड रग्बीसारख्या संघटनांचा. म्हणजे निष्कर्ष कडक निघाला तर ज्यांचा खेळ आणि गल्ला दोन्ही अडचणीत येईल, त्यांचाच!

या ग्रुपचे प्रमुख होते ऑस्ट्रेलियाचे न्यूरॉलॉजिस्ट पॉल मॅक्रोरी. सलग चार गाइडलाइन्सचे पहिले लेखक तेच. २००१ ते २००८ ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’चे संपादकही तेच. २०२२ मध्ये त्यांची उचलेगिरी उघड झाली आणि त्यांनी ग्रुपचं पद सोडलं. ऑक्टोबरमध्ये जर्नलने त्यांचे आणखी ९ लेख मागे घेतले आणि ३८ लेखांवर शंकेची नोंद केली.

त्याच महिन्यात ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंचा अभ्यास छापला. मेंदू झिजवणाऱ्या आजारांचा धोका सर्वसामान्यांच्या सुमारे अडीच पट!

कुंपणाने शेत खाल्लंच, असं मी म्हणत नाही. संघटनेचा पैसा घेतला म्हणून शास्त्रज्ञ लगेच खोटारडा ठरत नाही. खेळाच्या संशोधनाला पैसा खेळातूनच येणार, हेही मान्य. पण कुठला प्रश्न विचारायचा आणि कुठला टाळायचा, हे पैसेवाला ठरवू शकतो, खरी गोम तिथे आहे. ‘हितसंबंध’ नावाची बारीक अक्षरांतली ओळ लेखाच्या शेवटी छापली म्हणून ती सुटत नाही. कुणी किती दिले ते पहिल्याच पानावर यावं, आणि कच्चे आकडे बाहेरच्यांनाही तपासता यावेत.

२०२४ पासून वर्ल्ड रग्बीने टॉप लेव्हलला धक्के मोजणारे स्मार्ट माउथगार्ड आणलेत. झक्कास! पण बॉस, ते आकडे राहणार कुणाच्या कपाटात? ज्याच्या डोक्याला धक्का बसला, त्याला तरी किल्ली मिळायला हवी ना?