न पाहिलेले तपकिरी कडे

बारावीतली माझी नात परवा रसायनशास्त्राचे जर्नल लिहीत बसली होती. बाहेर इगतपुरीचा पाऊस कोसळत होता. "आजोबा, निळे मीठ आले की कॉपर सल्फेट लिहून टाकायचे," ती म्हणाली. निरीक्षणाचा रकाना तिने प्रयोगाआधीच भरला होता!

रागवावे, तर कोणत्या तोंडाने? माझ्या परीक्षेत नायट्रेट आले होते. द्रावणात ताजे फेरस सल्फेट घालायचे, परीक्षानळी तिरकी धरायची आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल कडेने हळूहळू सोडायचे. दोन थर मिळतात तिथे तपकिरी कडे उमटते. हात हलला की नाहीसे होते. माझा हलला. शेजारून कुणीतरी कुजबुजले, "नायट्रेटच आहे." मी सुवाच्य अक्षरात 'तपकिरी कडे दिसले' असे लिहिले आणि पूर्ण गुण घेतले.

पुढे बँकेत मात्र व्हाउचरशिवाय कुणाला नोंद करू दिली नाही. कॅशियर नोट उजेडात धरतो, 'खरीच असेल' म्हणून गल्ल्यात टाकत नाही. मग शास्त्राच्या वहीतच ही सूट का? दोष पोरांचा नाही. बाटलीतल्या मिठाचे उत्तर आधीच कुणाला तरी ठाऊक असते. चुकलेच तर दोन गुण जातात, एवढेच.

विहिरीच्या पाण्याचे उत्तर कुणालाच ठाऊक नसते. शोषखड्डा जवळ असला किंवा शेतातले खत झिरपले, तर नायट्रेट पाण्यात उतरते. रंग, वास काही दाखवत नाही, उकळूनही जात नाही. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. प्रमाण फार वाढले तर बाटलीने दूध पिणारे तान्हे बाळ निळे पडू शकते. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच बायकांना पाणी तपासायला शिकवण्याची योजना आहे. नळीतला रंग तक्त्याशी ताडून पाहणाऱ्या त्या बाईच्या कानात उत्तर सांगणारे कुणी नसते.

म्हणून माझे म्हणणे, प्रात्यक्षिकाला मुलांनी आपापल्या घरचे पाणीही न्यावे. नातीने दोन बाटल्या नेल्या, एक विहिरीची, एक पन्हळीची. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब पडताच विहिरीचे पाणी पांढुरके झाले, म्हणजे क्लोराइड, पन्हळीचे जेमतेम. मग बाटलीतल्या मिठाची नायट्रेटची परीक्षाही तिने केली. संध्याकाळी मी जर्नल उघडून पाहिले. रकान्यात लिहिले होते, 'कडे दिसले नाही. हात हलला. पुन्हा करणार.'