गव्हर्नरकी म्हणजे काय रे भाऊ?

न्यूझीलंडमध्ये ६ फेब्रुवारीला सुट्टी असते. वाइतांगी डे. आपल्या २६ जानेवारीसारखा काही प्रकार असेल असं नव्या माणसाला वाटतं. पण त्या दिवशी इथे उत्सवाइतकाच वादही रंगतो, आणि वादाच्या मुळाशी आहे चक्क एक भाषांतर!

१८४० साली ब्रिटिशांनी माओरी सरदारांशी करार केला. इंग्रजी मसुदा ४ फेब्रुवारीला हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याकडे आला. त्याने आणि त्याच्या मुलाने तो एका रात्रीत माओरीत उतरवला. मसुद्यात कळीचा शब्द होता 'सॉव्हरिन्टी'. सार्वभौमत्व म्हणा, राजसत्ता म्हणा, कुणाच्याही अधीन नसणं म्हणा. सगळं त्यात बसतं. विल्यम्सने लिहिलं 'कावनतंगा'. 'गव्हर्नर'चं माओरीत झालं 'कावना', त्यावरून हा शब्द. पाटलाची पाटीलकी, तशी गव्हर्नरची गव्हर्नरकी! दुसऱ्या कलमात सरदारांना त्यांच्या जमिनींवर, गावांवर 'रंगतिरतंगा', म्हणजे पूर्ण सरदारकी, कायम ठेवली. माओरी प्रार्थनेत देवाच्या राज्याला हाच शब्द आहे.

मराठी माणसाला हे समजायला सोपं आहे. राज्य साताऱ्याच्या छत्रपतींचं, कारभार पुण्याच्या पेशव्यांचा. माओरींनी सही केली ती कारभारी नेमायला. इंग्रजी कागद म्हणतो, धनीच बदलला. पाचशेहून अधिक सरदारांनी सह्या केल्या, त्यातल्या इंग्रजी प्रतीवर फक्त ३९.

विल्यम्सकडे दुसरा शब्द नव्हता का? होता. १८३५ साली माओरी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं भाषांतर त्यानेच केलं होतं. तिथे सत्तेसाठी 'मना' हा शब्द आहे. "तुमचा मना राणीला द्या" असं लिहिलं असतं तर किती सह्या झाल्या असत्या? त्याच्या मनात काय होतं यावर इतिहासकार भांडतात, भांडोत बापडे. मला विचाराल तर सही ज्या कागदावर झाली, तोच करार. संदिग्ध कलमाचा अर्थ लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हे तत्त्व कंत्राटांच्या कायद्यातही आहे. मग राणीला वेगळा नियम का?

"पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं उगाळून काय मिळणार?" असं इथले आपले देशी मित्र म्हणतात. मिळतं ना! उत्तरेकडच्या सरदारांनी १८४० साली सार्वभौमत्व सोडलं नव्हतं, असा निष्कर्ष वाइतांगी न्यायाधिकरणाने २०१४ साली काढला. कराराच्या तत्त्वांची नवी व्याख्या करणारं विधेयक २०२४ साली आलं, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. एप्रिल २०२५ मध्ये संसदेने ते ११२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळलं. शब्द अजून जिवंत आहे.

आणि हे फक्त माओरींचं दुखणं आहे असं समजू नका. मराठी फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात "तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य" असं कधी वाचलंय? इंग्रजी न येणारा माणूस मराठी वाचून सही करतो, आणि बांधला जातो न वाचलेल्या मजकुराला. त्या ओळीला आपण हरकत कधी घेणार?