अण्णांचा स्क्रू आणि पंधरा कॅप्सूल

गेल्या महिन्यात एका शनिवारी गावी गेलो होतो. गाव म्हणजे कळंब. यवतमाळचं नव्हे, धाराशिव जिल्ह्यातलं. (अण्णा अजून उस्मानाबादच म्हणतात. नाव २०२३ मध्ये बदललं, जीभ बदलायला वेळ लागतो.) हिंजवडीतून निघालेला माणूस बार्शी, येरमाळा करत घरी पोचेपर्यंत पार खिळखिळा होतो, पण या वेळी जाणं भाग होतं. अण्णांच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवायचं होतं.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा बारीक स्क्रू. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये तो पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात बसवला. हाड काही महिन्यांत त्याला घट्ट धरतं, मग वर दात चढवतात. हाडाने धरलंच नाही तर स्क्रू काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यात अण्णांना डायबेटिस. साखर आटोक्यात आहे, तरी आईच्या जिवाला घोर होताच.

तिने चिठ्ठी दाखवली. ऑपरेशननंतर ५ दिवस, दिवसातून ३ वेळा अँटिबायोटिक. म्हणजे १५ कॅप्सूल. ऑपरेशनच्या आधी काहीच नाही.

आता मी काही डॉक्टर नाही. सॉफ्टवेअरवाला आहे. पण रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो, आणि जे सापडलं ते चिठ्ठीच्या बरोबर उलटं होतं.

१९६१ साली जॉन बर्क नावाच्या अमेरिकन सर्जनने गिनीपिगवर प्रयोग केले. त्वचेत जंतू टोचायच्या आधी किंवा त्याच सुमारास अँटिबायोटिक दिलं तर परिणाम उत्तम. तीन तास उशीर झाला की दिलं काय आणि नाही दिलं काय, सारखंच. मुद्दा साधा आहे. चीर पडते त्या क्षणी औषध रक्तात हजर पाहिजे. पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडून काय उपयोग?

इम्प्लांटबद्दल कॉक्रेन या संस्थेचा २०१३ चा आढावा आहे. सहा चाचण्या, ११६२ पेशंट. ऑपरेशनच्या तासभर आधी २ किंवा ३ ग्रॅम अमॉक्सिसिलिन एकदाच तोंडाने घेतलं, तर इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण कमी होतं. किती कमी? अशा २५ जणांना डोस द्यावा तेव्हा एकाचं इम्प्लांट वाचतं. बाकीच्या २४ जणांना तसा काही फायदा नाही. तरी एकाच डोसची गोष्ट आहे, सौदा वाईट म्हणता येणार नाही. पण नंतर गोळ्या चालू ठेवून आणखी काही पदरात पडतं का, हे त्या आढाव्यातून सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१६ मध्ये एकूणच शस्त्रक्रियांबद्दल सांगितलं, की संसर्ग टाळण्यासाठी दिलेलं अँटिबायोटिक ऑपरेशन संपल्यावर लांबवू नका.

म्हणजे आमच्या चिठ्ठीत कामाचा डोस गायब आणि सवयीचे पंधरा हजर!

तुम्ही म्हणाल, पंधरा कॅप्सूलने काय आभाळ कोसळतं? मलाही तसंच वाटलं असतं. पण आमच्या घरात श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. त्यात उरलेल्या गोळ्या असतात. बरं वाटलं की कोर्स अर्धा सोडायचा, उरलेलं डब्यात, आणि शेजारी कुणाला ताप आला की त्यातलीच गोळी द्यायची. पाकिटावरच्या लाल रेघेचा अर्थ ‘चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ असा आहे, हे घरात कुणाच्या गावीही नाही. त्या डब्यात माझ्याही तीन गोळ्या निघाल्या. साध्या सर्दीसाठी मीच पुण्यात मेडिकलमधून आणलेल्या. इंजिनियरिंगची डिग्री असून!

आणि दोन वर्षांपूर्वी काकूंना लघवीचा संसर्ग झाला होता. कल्चरचा रिपोर्ट मीच वाचला होता. औषधांची लांबलचक यादी आणि पुढे एक अक्षर: चालेल तिथे ‘एस’, जंतू दाद देत नाहीत तिथे ‘आर’. नुसते आर, आर, आर. तोंडाने घ्यायची एकही गोळी उरली नव्हती. आठ दिवस सलाईनमधून इंजेक्शनं झाली तेव्हा माणूस हाती लागलं. आमच्या डब्यामुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही, तसं सिद्ध करता येत नाही. पण असे डबे घराघरात आहेत. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०२२ मध्ये छापला.

सकाळी हे सगळं अण्णांना सांगायला बसलो. वाटलं, तासभर लागेल. दोन मिनिटांत म्हणाले, “म्हणजे तुरीवरच्या अळीसारखं. दरसाल एकच औषध मारलं, गरज असो नसो. आता अळी त्यात आंघोळ करून उठती.” मी गप्प. :) आम्हाला पुण्यात जे समजावून सांगावं लागतं ते शेतकऱ्याला फवारणीच्या पंपाने कधीच शिकवलंय.

मग डॉक्टरांकडे गेलो. भांडायला नाही, विचारायला. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, “पेशंट खेड्यातून येतो, सूज आली तरी परत दाखवायला येत नाही. मग स्क्रू जातो, त्याचे पैसे जातात आणि माझं नाव जातं. म्हणून पाच दिवस लिहून टाकतो.” यातलं एकही वाक्य खोटं नाही. एसटीचं वेळापत्रक आणि मजुरी बुडण्याची भीती, या दोन्हींची भरपाई आपण गोळ्यांनी करतोय. अण्णा म्हणाले, “मी येतो की. कधी येऊ सांगा.”

शेवटी ठरलं असं. पेनिसिलिनची ॲलर्जी नाही ना, हे विचारून झालं. तासभर आधी ५०० च्या ४ कॅप्सूल एकदम, म्हणजे २ ग्रॅम. नंतर फक्त दुखण्याची गोळी आणि गुळण्यांचं औषध. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तपासणी. दोन्ही वेळा अण्णा गेले. सूज उतरली, टाके निघाले.

हाडाने स्क्रू धरला की नाही, ते कळायला अजून वेळ आहे. धरला तर माझं खरं ठरलं असं नाही, आणि नाही धरला तर खोटं ठरलं असंही नाही. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नसतं.

हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. झालेल्या संसर्गावर दिलेलं औषध ही वेगळी गोष्ट आहे, आणि हृदयाची झडप बदललेल्यांचे नियमही वेगळे आहेत. फक्त विचारा: ही गोळी कशासाठी? आधी की नंतर? किती दिवस, आणि तेवढेच का? नवा फोन घेताना आपण दुकानदाराला वीस प्रश्न विचारतो. इथे तीन पुरेत.

डबा आईने रिकामा केलाय. सध्या त्यात जिरं आहे.