अर्धी उमेदवारी आणि पुरी सनद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिसूरी संस्थानानें २०१४ सालीं एक कायदा केला. वैद्यकीची पदवी घेतलेले, परंतु रुग्णालयांत निवासी डॉक्टराची जागा न मिळालेले तरुण त्या कायद्यान्वयें ‘साहाय्यक वैद्य’ म्हणून रोग्यांवर उपचार करूं शकतात. परवाना-परीक्षेचे पहिले दोन टप्पे उतरलेले असावे, एका अनुभवी डॉक्टराशीं करार असावा, निदान एक महिना त्याच्या नजरेखालीं काम करावें. मग जेथें डॉक्टरांचा दुष्काळ आहे अशा भागांत प्राथमिक उपचार करावे, अशी ही योजना. एरवीं त्या देशांत साध्या कुटुंबवैद्याची निवासी उमेदवारीही तीन वर्षांची असते. तेव्हां अमेरिकन मेडिकल असोसिएशननें अशा आडवाटेस विरोध केला, यांत नवल तें काय?

कायद्याचे कैवारी म्हणतात, खेड्यांत डॉक्टर मुळींच नसण्यापेक्षां अर्धा शिकलेला बरा. हा युक्तिवाद अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण एवढें शिक्षण खरोखर पुरेसें असेल, तर सेंट लुईस शहरांतील धनिकांनींही याच वैद्यांस नाडी दाखवावी! खरा दोष निराळ्याच ठिकाणीं आहे. निवासी जागांचा बराच खर्च मध्यवर्ती सरकारच्या मेडिकेअर खात्यांतून चालतो, आणि १९९७ च्या कायद्यानें त्या जागांस मर्यादा घातली. पुढें वीस वर्षांहून अधिक काळ ती बहुतेक तशीच राहिली. २०२० च्या अखेरीस अवघ्या एक हजार जागा वाढविण्याचें ठरलें.

असो. मिसूरीकरांस हंसण्यापूर्वीं आपल्या घरांत डोकावलेलें बरें. आपणांकडे एम्. बी. बी. एस्. झालेल्यास एक वर्षाची इंटर्नशिप पुरी होतांच स्वतंत्र व्यवसायाची सनद मिळते. निवासी उमेदवारी पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांसच. मिसूरीच्या साहाय्यकामागें वरिष्ठाचा करार तरी असतो. आमच्या नव्या डॉक्टरावर कोणाचीच नजर नाहीं. म्हणून तें एकच वर्ष लाखमोलाचें, आणि नेमकें तेंच पुष्कळ विद्यार्थी पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या घोकंपट्टींत घालवितात. हजेरीपटावर सही, आणि स्वारी वाचनालयांत! दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नव्हे. ज्या परीक्षेवर पुढील सारें आयुष्य अवलंबून, ती त्यांच्या ऐन उमेदवारीच्या डोक्यावर टांगलेली. आमच्या व्यापारी वाचकांस विचारतों, दुकानांत धड वर्षभरही न टिकलेल्या गुमास्त्याच्या हातीं आपण गल्ल्याची किल्ली द्याल काय?

ही परीक्षा इंटर्नशिपच्या आधींच उरकावी. बाळंतपण, सर्पदंश, भाजलेला रोगी, तान्ह्या मुलाचा ताप, यांपैकीं उमेदवारानें स्वतःच्या हातानें किती हाताळलें याची नोंदवही ठेवण्याचा नियम आहेच. ती खरी कीं सायंकाळीं एका बैठकींत भरलेली, हें विभागप्रमुखानें रोग्यांच्या कागदांशीं ताडून पाहावें, आणि तोंवर दाखल्यावर सही करूं नये.