गरोदर बाईने प्रवास टाळावा, पण कसा?

‘शेवटच्या महिन्यांत प्रवास टाळा’ हा सल्ला आपण सगळ्यांनीच ऐकला आहे. सल्ला चुकीचा नाही. पण तो आहे कुणासाठी? जिला प्रवास टाळता येतो तिच्यासाठी. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणीकडून कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड बाईने तो कसा पाळायचा?

गावोगाव बैठकांना जाताना मी हे निघणं अनेकदा पाहिलं आहे. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या. त्यांत बांबू, भांडी, ज्वारीची पोती, शेळ्या आणि या सगळ्याच्या वर बायका-पोरं. त्यात एखाद-दुसरी पोटुशी असतेच. प्रवास रात्रभराचा. लघवीला थांबायचं ते ड्रायव्हरच्या मर्जीने. म्हणून बायका आदल्या दुपारपासून पाणीच तोडतात.

गरोदरपण हा आजार नाही. तब्येत धड असलेली बाई प्रवास करू शकते. धोका असतो तो प्रवास कसा होतो यात. तासन्‌तास पाय दुमडून बसलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि गरोदरपणी हा धोका एरवीपेक्षा जास्त. पाणी तोडलं, लघवी तुंबवली की जंतुसंसर्ग, आणि त्यातून अवेळी कळा येऊ शकतात. ट्रॉलीतून पडून पोटाला मार बसला तर वार सुटून आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. यावरचे उपाय काही महागडे नाहीत. बसायला नीट जागा, दर दोन तासांनी थांबा, प्यायला पाणी आणि संडास.

काही मैत्रिणी म्हणतात, सरळ बंदी घाला, सहा महिने भरलेल्या बाईला मुकादमाने नेऊच नये. हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्याला. बाई वगळली की उचल गेली. मग गरोदरपण लपवलं जाईल, तपासणीही चुकवली जाईल. कामाने बाईच्या शरीराशी नव्हे, तर बाईच्या शरीराने कामाशी जुळवून घ्यायचं, हा न्याय कुठवर जातो ते २०१९ साली बीडमधल्या गर्भपिशव्या काढण्याच्या प्रकरणात आपण पाहिलंच आहे.

रेल्वेत गरोदर बाईसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. मुंबईच्या लोकलमध्ये तिला दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं. २०१७ साली बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. हे सगळं हवंच होतं. पण ते तिकीट काढणारीसाठी, हजेरीपटावर नाव असणारीसाठी. ट्रॉलीतल्या बाईचं नाव कुठल्या पटावर आहे? कारखाना म्हणतो, ही मुकादमाची माणसं. मुकादम म्हणतो, मी नुसता मधला माणूस.

म्हणून आपली मागणी ‘प्रवास सुरक्षित करा’ अशी हवी. ऊसतोड कुटुंबांची ने-आण बसने व्हावी आणि खर्च कारखान्याने सोसावा. मालाच्या ट्रॉलीत माणसं भरणं कायद्यालाही मंजूर नाही. गाव सोडण्याआधी प्रत्येक गरोदर बाईची तपासणी व्हावी, माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या हातात असावं, आणि ती पोचेल तिथल्या आशाने तिची नोंद घ्यावी. दवाखान्यात गेलेल्या दिवसाचा खाडा धरून पैसे कापू नयेत. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण आणि तिथवर नेणारी गाडी २०११ पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. ती गाडी उसाच्या फडापर्यंत पोचली पाहिजे.

हे मिळवायला वेळ लागेल. तोवर आपल्या गटांनी टोळ्या निघायच्या आठवड्यात वस्तीवर जाऊन एवढं तरी सांगावं: अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, पोटात सतत कळा आल्या, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गाडी थांबवायची आणि १०८ ला फोन लावायचा. कर्नाटकातही हाच नंबर आहे. ‘गाडी थांबवा’ म्हणायला एकटीचा आवाज पुरत नाही. ट्रॉलीतल्या सगळ्याजणींनी एकदम ओरडायचं, हे निघण्याआधीच ठरवून ठेवावं.