रुसण्याची खोली

'बूद्वार' हा शब्द रुसणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. १८व्या शतकातील फ्रान्समध्ये ती स्त्रीची स्वतःची खोली; आपल्याला कैकेयीचे कोपगृह आठवावे अशी. आज त्याच नावाने स्त्रिया अंतर्वस्त्रांतील छायाचित्रे काढून घेतात, आणि त्यांना सल्ला मिळतो: पोट झाकेल असे उंच कमरेचे घ्या, दंड लपतील अशी लेस घ्या, काळ्या रंगात बारीक दिसाल. म्हणजे खोलीत शिरण्याआधीच शरीर आरोपीच्या पिंजऱ्यात! अशा कपड्यांना 'खुलवणारे' म्हणतात. झाकणे आणि खुलवणे हे समानार्थी शब्द कधीपासून झाले?

या छायाचित्रांना अश्लील ठरवणाऱ्या संस्कृतिरक्षकांच्या पंगतीत आम्ही नाही. तेही झाकाच म्हणतात. फक्त अधिक झाका म्हणतात. आमचे म्हणणे एवढेच: ज्या वस्त्रात श्वास मोकळा राहतो, सहज बसता-वळता येते, ते निवडावे, मग तो रेशमी गाऊन असो की धुऊन मऊ झालेली सुती साडी. न्यूनगंड आधी संपला पाहिजे, अशीही अट नको. त्याच्यासकट कॅमेऱ्यासमोर बसता येते.

कैकेयीच्या मागण्यांचे समर्थन कोण करील? पण कोपगृहात तिने अलंकार उतरवून फेकले, ते कुणाच्या नजरेला सुखवण्यासाठी नव्हे, एवढे तरी ध्यानात ठेवावे.