हलका हात, घट्ट पट्टी

केशवाहिन्यांतून पाझरलेला द्रव पेशींभोवती साचू न देता पुन्हा रक्तात आणून सोडणे, हे लसिकावाहिन्यांचे काम. यातला बराचसा द्रव केशवाहिन्यांच्याच दुसऱ्या टोकाला परत शोषला जातो, असे पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे शिकवत आली. लेविक आणि मिशेल यांच्या २०१० मधील मांडणीनंतर चित्र पालटले: बहुतेक ऊतींमध्ये हा सगळा भार लसिकेवरच असतो.

काखेतल्या लसिकागाठी काढल्या, तिथे किरणोपचार झाले किंवा हत्तीरोगाच्या कृमींनी वाहिन्या निकामी केल्या, की ही वाट अडते. त्यातून येणारी सूज म्हणजे लिम्फिडीमा. ती नुसती पाण्याची राहत नाही. हळूहळू चरबी आणि तंतू वाढतात, कातडी जाड होते. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत उचलता आली नाही, तर तो लिम्फिडीमा समजावा. स्टेमर यांची ही बिनखर्चाची खूण आजही उपयोगी पडते. मात्र सुरुवातीच्या अवस्थेत चिमूट सापडते, म्हणून आजार नाही असे ठरत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा या सुजेवर फारसा उपयोग नसतो. तरीही त्या लिहून दिल्या जातात.

हाताने लसिका वाहती करण्याची पद्धत एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने फ्रान्समधील कान येथे बसवली आणि १९३६ मध्ये पॅरिसमध्ये मांडली. गंमत अशी, की त्यांच्यापुढचे रुग्ण सुजलेल्या हातापायांचे नव्हते. जुनाट सर्दीने मानेतल्या गाठी सुजलेले होते. लिम्फिडीमासाठी या पद्धतीला पट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची जोड देऊन पूर्ण उपचारक्रम रूढ केला तो जर्मनीतील मिखाएल फोल्डी यांनी.

व्होडर यांच्या पद्धतीत तेल सहसा लावत नाहीत, कारण हात घसरून चालत नाही. कातडी हलकेच ताणायची आणि सोडायची. दाब इतकाच, की ती लालही होऊ नये. सुरुवात सुजलेल्या हातापासून नव्हे, तर मानेपासून आणि निरोगी बाजूच्या काखेपासून होते: पुढची वाट आधी मोकळी, मग मागचा द्रव. रगडून अंग मोकळे करणारी आपली मालिश इथे कामाची नाही.

एवढ्या नाजूक कौशल्याला श्रेय किती द्यायचे, हा खरा वादाचा मुद्दा. स्तनाच्या कर्करोगानंतरच्या सुजेवरील सहा चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०१५ मध्ये आला. त्यात नुसत्या पट्ट्यांनी सूज ३० ते ३८.६ टक्के उतरल्याचे दिसले. या हलक्या मालिशीची भर आणखी ७ टक्क्यांच्या आसपास. बेल्जियममधील लुव्हेन येथे १६० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०११) शस्त्रक्रियेनंतर सूज येऊच नये म्हणून केलेल्या मालिशीचा वर्षभरात लक्षणीय फायदा दिसला नाही. म्हणजे मोठे काम पट्टीचे, हात मदतनीस. नेहमीचे क्रेप बँडेज मात्र त्या पट्टीची जागा घेऊ शकत नाही. ते स्नायूसोबत ताणले जाते. कमी ताणली जाणारी पट्टी स्नायू फुगला की त्याला अडवते आणि त्या दाबाने द्रव पुढे सरकतो. म्हणूनच पट्टी बांधून हालचाल करायची. ‘त्या हाताने वजन उचलू नका’ हा सल्लाही २००९ च्या अमेरिकन चाचणीने मागे पाडला: देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेलेल्या स्त्रियांची सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले.

हत्तीपायाच्या रुग्णाला तर मालिशीआधी साबण हवा. ब्राझीलमधील रेसिफे येथे जेरुसा ड्रायर यांनी दाखवले, की थंडी-ताप, जांघेतले अवधाण आणि लालभडक पाय अशा झटक्यांमागे बहुधा जिवाणू असतात. ते बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्यांतून आणि भेगांतून आत शिरतात, आणि प्रत्येक झटका सूज वाढवून जातो. रोज पाय धुणे, बेचक्या कोरड्या करणे, चिखल्यांना मलम लावणे हे घरचे माणूस करू शकते. भाताच्या चिखलात राबणाऱ्या पूर्व विदर्भात, जिथे हत्तीरोग जुना आहे, आरोग्यसेवेने आधी हे शिकवावे. प्रशिक्षित हातांची वाट पाहत बसू नये. केरळमधील कासरगोडच्या त्वचारोग संस्थेने धुणे, पट्टी, योग आणि आयुर्वेद एकत्र आणून घरी करता येईल असा क्रम बसवला आहे.

सूज उतरली की दाबाचे मोजे किंवा स्लीव्ह कायमची येते. तिची ताकद साधारण सहा महिन्यांत उतरते, आणि नवी घ्यावी लागते.